साडेतीनमधला अर्धा तारा

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला ‘कसा आहे?’ असं विचारलं की हल्ली दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘पाचपैकी साडेतीन देईन,’ हे एक. ‘मला तर आवडला बुवा, शेवटी ज्याची त्याची आवड,’ हे दुसरं. पहिल्यात काटेकोरपणाचा आव आहे, दुसऱ्यात नम्रतेचा. पहिला स्वतःला चोखंदळ समजतो, दुसरा उदार. या दोघांचं एकमेकांशी पटणं शक्य नाही असा सर्वसाधारण समज आहे. एकाला चित्रपटाची प्रत मोजता येते असं वाटतं, दुसऱ्याला अशी काही प्रत असते हेच मान्य नसतं.

माझं म्हणणं असं, की हे दोघे सख्खे भाऊ आहेत. मत देणं म्हणजे आपण पडद्यावर काय पाहिलं आणि त्यामुळे आपल्याला अमुक का वाटलं, हे समोरच्याला पडताळून पाहता येईल अशा शब्दांत सांगणं. त्यात कष्ट आहेत. धोकाही आहे, कारण समोरचा ‘तू नीट पाहिलंच नाहीस’ असं म्हणू शकतो. आकडा दिला की कष्ट वाचतात. ‘ज्याची त्याची आवड’ म्हटलं की धोका टळतो. रेटिंगला आपण मताचं संक्षिप्त रूप मानतो. मला ती मत न देण्याची सोय वाटते. का, ते टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. अर्धा कशाचा?

मराठी माणसाला साडेतीनचं वावडं नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. पण तिथे अर्धा कोणता आणि का, याला काहीतरी उत्तर असतं, मग ते पटो वा न पटो. नाना फडणवीस अर्धे, कारण बुद्धी अफाट पण हाती तलवार धरली नाही, असं सांगतात. चित्रपटाच्या साडेतीनमधला तो अर्धा तारा कशाचा असतो? छायाचित्रणाचा, की नायिकेचा? उत्तरार्धात कथा ढेपाळली म्हणून चौथा तारा अर्ध्यावर आला, की मध्यंतरात समोसा गार मिळाला म्हणून? देणाऱ्याला विचारलं तर तो प्रांजळपणे म्हणेल, ‘चार जरा जास्त वाटले, तीन कमी.’

चित्रपटांना तारे देण्याच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मधली आहे. आयरीन थिरर यांनी ३१ जुलै १९२८ रोजी तिथे हा प्रकार सुरू केला, तेव्हा कमाल तीन तारे होते. तारा तेव्हा लेखाच्या कपाळावरचा टिळा होता. खाली लेख असायचा. पुढे रॉजर एबर्ट यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकाने आयुष्यभर चारपैकी तारे दिले, पण हे तारे सापेक्ष असतात, एका प्रकारच्या चित्रपटाचे तारे दुसऱ्या प्रकाराशी ताडून पाहू नयेत, असं तेच बजावत राहिले. ती सूचना कोणी मनावर घेतली नाही. आज डोकं गेलं आहे आणि टिळा तेवढा उरला आहे.

२. आकडा असूनही हिशेब चुकतो

आकड्यांवर माझा राग नाही. माझी तक्रार अशी, की हा आकडा आकड्याचे नियम पाळत नाही.

एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मापनाच्या पायऱ्या वेगळ्या करून दाखवल्या. काही आकडे फक्त क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. शर्यतीतला पहिला, दुसरा, तिसरा हे असे आकडे. पहिल्या आणि तिसऱ्या धावपटूची सरासरी काढून दुसरा धावपटू तयार होत नाही. तारे याच जातीचे आहेत. दोनवरून तीनवर जायला जेवढं लागतं, तेवढंच चारवरून पाचवर जायला लागतं असं कोणीही मानत नाही. बहुतेकांचा पाचवा तारा वर्षभर खिशातून बाहेरही येत नाही. तरी आपण त्यांची बेरीज करतो, भागतो, आणि उत्तर दशांशापर्यंत छापतो.

आता शंभर प्रेक्षक घ्या. पन्नास जणांनी पाच तारे दिले, पन्नास जणांनी एक. सरासरी तीन. तीन म्हणजे ठीकठाक. पण या शंभरांत ठीकठाक म्हणणारा एकही नव्हता! जो चित्रपट लोकांना उभं चिरत गेला, तो सरासरीत मचूळ होऊन बसला. वाद हीच त्या चित्रपटाविषयीची सर्वांत मोलाची बातमी होती आणि नेमकी तीच पुसली गेली.

‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरची टक्केवारी तर बहुतेक जण उलटीच वाचतात. ती गुणांची टक्केवारी नाही. किती टक्के समीक्षकांचं मत एकूणात अनुकूल आहे, एवढंच ती सांगते. शंभर समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला दहापैकी जेमतेम सहा देऊन ‘चालेल’ म्हटलं, तर टक्केवारी शंभर. दुसऱ्या चित्रपटाला सत्तर जणांनी दहापैकी दहा दिले आणि तीस जणांनी चार, तर टक्केवारी सत्तर. सरासरी मात्र पहिल्याची सहा आणि दुसऱ्याची ८.२. म्हणजे शंभर टक्केवाला चित्रपट कोणालाही न दुखावणारा असू शकतो आणि सत्तरवाला अनेकांचा आयुष्यभराचा सोबती. ‘आयएमडीबी’ साधी सरासरी दाखवत नाही, भारित सरासरी दाखवते, आणि तिची पद्धत पूर्ण उघड करत नाही. शिवाय या आकड्यांची घरं कोणाच्या मालकीची आहेत तेही एकदा पाहून ठेवावं: आयएमडीबी १९९८ पासून ॲमेझॉनकडे आहे, आणि रॉटन टोमॅटोज २०१६ मध्ये फँडँगो या तिकीटविक्री करणाऱ्या कंपनीने घेतली. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत. पण तराजू दुकानातच टांगलेला आहे, एवढं लक्षात असावं.

सरासरीचा हा खेळ एकाच माणसाच्या मनातही चालतो. ‘सैराट’ आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात ‘झिंगाट’ला खुर्च्या सोडून नाचलेली माणसंच शेवटी चिडीचूप बाहेर पडली. नागराज मंजुळे यांनी शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतला होता. रक्ताची पावलं उमटवत चालणारं मूल तेवढं उरलं. आधी नाचायला लावून मग त्या नाचाची लाज वाटायला लावणं, ही त्या रचनेची सगळी गोम आहे. ‘साडेचार’ म्हणणाऱ्याने यातल्या कशाचं मोजमाप केलं? नाचाचं, की शांततेचं? की दोन्हींची बेरीज भागिले दोन?

आकडा देणारा निदान स्वतःची आवड तरी प्रामाणिकपणे नोंदवतो का? नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून टाकले आणि वर-खाली अंगठा आणला. त्यामागची कंपनीची कारणमीमांसा अशी होती, की लोक गंभीर माहितीपटांना भरघोस तारे देतात आणि संध्याकाळी हलकेफुलके विनोदीपटच लावून बसतात. म्हणजे तारा हा पुष्कळदा आपण कोण आहोत हे सांगण्यापेक्षा आपण कोण दिसावं यासाठी दिलेला असतो. याच कंपनीने २००६ मध्ये, प्रेक्षक किती तारे देईल याचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. २००९ मध्ये ते दिलंही गेलं. पण त्या तीन वर्षांत गणितज्ञांना ‘नेपोलियन डायनामाइट’ या लहानशा विनोदी चित्रपटाने भलतंच छळलं. बाकी सगळी आवड जुळणारी दोन माणसं त्याला एक आणि पाच तारे देत, आणि का ते गणिताला कळत नसे. कळणार कसं? ‘का’ हा रकानाच तिथे नव्हता.

३. बैलाला वजन असतं

इथे कोणी म्हणेल, की एकाचा आकडा लहरी असेल, पण लाखो लोकांच्या आकड्यांत लहरी एकमेकींना छेद देतात आणि सत्य उरतं. या युक्तिवादाचं प्रसिद्ध उदाहरण फ्रान्सिस गॉल्टनचं. इंग्लंडमधल्या एका जनावरांच्या प्रदर्शनात बैलाच्या वजनाचा अंदाज बांधण्याची स्पर्धा होती. आलेली सुमारे आठशे तिकिटं गॉल्टनने तपासली आणि १९०७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की गर्दीचा मधला अंदाज खऱ्या वजनाच्या एका टक्क्याच्या आत होता.

उदाहरण उत्तम आहे. फक्त बैलाला वजन असतं. गर्दी विसर्जित झाली तरी ते असतं, काट्यावर दिसतं. चित्रपटाचं असं कोणतं वजन आहे, ज्याच्या जवळ ही लाखांची सरासरी सरकते आहे? शिवाय त्या स्पर्धेत प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे चिठ्ठीवर लिहिला होता. आपण मात्र आधी फळ्यावरचा आकडा वाचतो, मग चित्रपट पाहतो आणि मग आपला आकडा ‘ठरवतो’. आठच्या वरचा चित्रपट आवडला नाही तर दोष आपल्यात शोधतो. पाचच्या खालचा आवडला तर तो ‘गिल्टी प्लेझर’.

बरं, जाणकारांची मोजणी तरी स्थिर असते का? ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ १९५८ चा. १९८२ च्या आधी तो पहिल्या दहांत कुठेही नव्हता, २०१२ मध्ये ‘सिटिझन केन’ला मागे टाकून पहिला आला, २०२२ मध्ये शांताल आकरमानच्या ‘जान दिलमान’ने त्याला खाली ढकललं. चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती. मधल्या काळात लोकांनी त्यावर लिहिलं, भांडणं केली, त्यात नवं काही दाखवून दिलं. वाढली ती कारणं. क्रमांक त्यांच्या मागून फरफटत आला.

४. ‘ज्याची त्याची आवड’ हे सौजन्य नव्हे

आता दुसऱ्या भावाकडे वळू. तो जास्त लाघवी आहे, म्हणून जास्त घातक.

इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने १७९० मध्ये केलेला एक भेद इथे उपयोगाचा आहे. एखादी वारुणी ‘मला’ रुचते असं म्हणणं पुरेसं आणि योग्य आहे. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणताना आपण ‘मला’ जोडत नाही. इतरांनाही ती तशी दिसावी अशी मागणीच त्या वाक्यात असते. समोरचा ती मागणी फेटाळू शकतो, पण मागणी होतेच. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने हा सगळा विचार १९७४ मध्येच आपल्या दारात आणून ठेवला आहे. तरी आपण चित्रपटाविषयी बोलताना चहात साखर किती, या पातळीवर थांबतो.

‘कोर्ट’ पाहून अनेक मराठी प्रेक्षक म्हणाले, ‘स्लो आहे.’ चैतन्य ताम्हाणेचा एका शाहिरावरच्या खटल्याचा हा चित्रपट, व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आलेला. ‘स्लो आहे’ या शेऱ्यावर तिथल्या तिथे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘तुम्हाला कळला नाही.’ दोन, ‘असो, ज्याची त्याची आवड.’ पहिली उर्मट आणि दुसरी सभ्य वाटते. मला दुसरीच जास्त अपमानकारक वाटते. पहिलीत निदान समोरच्याला कळू शकतं हे गृहीत आहे. दुसरी त्याला दारातूनच वाटेला लावते.

खरं तर ‘स्लो आहे’ हे अर्धं निरीक्षण आहे आणि ते खरं आहे. फक्त पुढचा प्रश्न विचारायला हवा: कुठे? विचारलं की माणूस नेमकं सांगतो. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, नाटकाला जातात, ते कशाला दाखवलं? कोर्टाची सुट्टी लागली, दिवे मालवले, पडदा काळा झाला, तिथे चित्रपट संपायला हवा होता; मग न्यायाधीश सहलीला गेलेले कशाला? हे प्रश्न विचारणाऱ्याने चित्रपट बरोबर पाहिला आहे. ज्या जागी त्याची चुळबुळ झाली, तिथेच दिग्दर्शक त्याला सांगत होता की खटला थांबला तरी ही माणसं अशीच जगत राहतात, आणि तुरुंगात पडलेल्या शाहिराचे दिवस मात्र याच संथपणाने जातात. हे ऐकूनही तो म्हणू शकतो, ‘असेल, पण तेवढ्यासाठी एवढा वेळ नको होता.’ मग हा वाद खरा. आता दोघांकडे चित्रपट आहे. आवड बदलली नाही तरी चालेल, पाहणं वाढलं.

५. परीक्षक कोण?

रेटिंगचा सर्वांत मोठा तोटा मला वेगळाच दिसतो. ते प्रेक्षकाला कायमचं परीक्षकाच्या खुर्चीत बसवतं. चित्रपट विद्यार्थी, आपण गुण देणारे.

काही चित्रपटांना ही बैठकच मान्य नसते. ‘फँड्री’चा शेवट पाहा. टिंगल करणाऱ्यांच्या दिशेने जब्या दगड भिरकावतो, तो दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो आणि पडदा काळा होतो. त्याआधी आपण काय करत होतो? डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या कुटुंबाची फजिती आपण बघत होतो, गावातले बघे बघत होते तशीच. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर सगळे जागच्या जागी उभे राहतात तेव्हा हसायलाही आलं असेल. त्या दगडाने आपली जागा आपल्याला दाखवली. आता या चित्रपटाला ‘चार तारे’ देणं म्हणजे दगड झेलून, निरखून, ‘नेम बरा आहे’ म्हणण्यासारखं आहे. चित्रपटाने तुमची परीक्षा घेतली आणि तुम्ही उत्तरपत्रिकेऐवजी गुणपत्रिका परत केली.

सगळेच चित्रपट असे नसतात, नसावेतही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना आपली परीक्षा घ्यायची नव्हती. पण एखादा विनोद नेमका कशाने उडाला, हे सांगायला तारे तिथेही उपयोगाचे नाहीत.

६. आक्षेप

पहिला आक्षेप व्यवहाराचा. चार माणसांच्या घराने मल्टिप्लेक्सला जायचं म्हणजे तिकीट, पॉपकॉर्न, रिक्षा धरून खिसा हलका होतो. त्यांना मीमांसा नको, जावं की जाऊ नये एवढंच हवं. मान्य. पण सल्ला नेहमी कोणालातरी दिलेला असतो. ‘तुझ्या आईला घेऊन जा, पोरांना नेऊ नकोस,’ हे एक वाक्य हजारो मतांच्या सरासरीपेक्षा जास्त कामाचं आहे. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नऊवारी नेसून, नथ घालून, घोळक्याने गेल्या, त्या कोणी तारे मोजून गेल्या नाहीत. ‘अगं, ती मधली बहीण अगदी आपल्या वन्सं’ असं कोणीतरी सांगितलं होतं. ‘शोले’चंही तेच. १९७५ मध्ये सुरुवातीचे दिवस थंड गेले, फिल्मफेअरमध्ये पुढे एकच पुरस्कार मिळाला, तोही संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना. चित्रपट मात्र मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. लोक तेव्हा आकडे सांगत नव्हते, गब्बर काय म्हणतो ते सांगत होते. इतकं, की संवादांचीच तबकडी काढावी लागली.

दुसरा आक्षेप अभिजनवादाचा. सामान्य माणसाने कारणं देत बसायचं म्हणजे समीक्षकांचा धाक. माझा अनुभव नेमका उलटा आहे. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाणारा मराठी प्रेक्षक ‘दुसऱ्या अंकात प्रवेश लांबला, तिने ते वाक्य टाकून द्यायला नको होतं’ असं बिनदिक्कत बोलतो. क्रिकेटविषयी तर पानटपरीवरचा माणूस मनगटाच्या कोनावर वाद घालतो. फलंदाजाला कोणी साडेतीन तारे देत नाही. हीच माणसं चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘वन टाइम वॉच’, ‘टाइमपास’, ‘पैसा वसूल’, ‘डोकं घरी ठेवून जा’ यांपैकी एक शिक्का मारून मोकळी होतात. कुवत कमी नाही, सवय मोडली आहे. आणि हे शिक्केसुद्धा ताऱ्यांचेच अक्षरी अवतार आहेत. ‘मास्टरपीस’ आणि ‘ओव्हररेटेड’ हे त्यातले सर्वांत महाग आणि सर्वांत रिकामे.

तिसरा आक्षेप मला थोडा लागतो: आकडा निदान आठवणीसाठी तरी बरा. वर्षाला शंभर चित्रपट पाहणाऱ्याने नोंद ठेवायची कशी? लेटरबॉक्सड या संकेतस्थळावर पाहिलेल्या चित्रपटांची डायरी ठेवणारी तरुण मंडळी हेच म्हणतात आणि त्यांच्यातले कित्येक ताऱ्यांखाली चार छान ओळीही लिहितात. त्या ओळींशी माझं भांडण नाही. पण माझ्या एका जुन्या वहीत चित्रपटांच्या नावांपुढे मीही आकडे घातले होते. आज वही उघडली तर एका नावापुढे साडेतीन आहे. चित्रपट आठवत नाही. साडेतीन का, तेही नाही. त्याच पानावर दुसऱ्या एका नावापुढे फक्त ‘जिन्यावरची सावली’ एवढंच लिहिलंय, आणि तो चित्रपट अख्खा डोळ्यांपुढे उभा राहतो.

राहिला समीक्षकांचा प्रश्न. अरुण खोपकर यांनी ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’मध्ये मोजक्या तीन चित्रपटांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला ‘कागज़ के फूल’ १९५९ मध्ये साफ पडलेला. पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात तारे नाहीत. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा केव्हा पुढे सरकतो, गाण्यात चेहरा किती वेळ दिसतो, हे आहे. एवढं सगळ्यांनी करावं असं कोण म्हणेल? दोन वाक्यंही पुरतात.

म्हणून एक विनंती. पुढचा चित्रपट पाहून आलात की मला आकडा सांगू नका. खुर्चीत कुठे पुढे सरकलात आणि खिशातून मोबाइल कुठे काढलात, या दोन जागा तेवढ्या सांगा. मग तुम्हाला आवडला की नाही, हे मला विचारावं लागणार नाही.